पाच दगडांचं पार्सल

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं सांगायला एक गृहस्थ दुकानात आले तेव्हा मी सवयीनं विचारलं, "वजन किती?" ते गडबडले. मग हसून म्हणाले, सात-आठ पानं. मी म्हटलं, बसेल तेवढ्यात. वीस वर्षं लोकांचे संसार खोक्यात बसवलेत, आपला एक बसवायला काय होतंय.

धाराशिवला बसस्टँडपासून पाच मिनिटांवर माझं परदेशी पार्सलचं दुकान. यंदा पाडव्याला ते पुतणीच्या हवाली केलं. तरी सकाळी एक चक्कर होतेच. नाक खुपसल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, असं पुतणी म्हणते, आणि ते खरं आहे. आधी तिथं आमच्या ह्यांचा फोनचा बूथ होता. लोकांच्या खिशात फोन आले, बूथ ओस पडला, म्हणून वजनकाटा आणून ठेवला. पुढची सगळी चढउताराची कहाणी सांगत बसत नाही. कुणाचीही ऐका, सारखीच असते.

काम काय ते मात्र सांगते, कारण लोकांना वाटतं, खोक्याला टेप चिकटवायची, झालं. माणूस वस्तू घेऊन येतो. ती त्या देशात चालते का ते मी बघते. मग नीट भरते आणि वर घोषणापत्र लिहिते, म्हणजे आत काय काय आहे त्याची इंग्रजी यादी. गाडी खोका पुण्याला नेते, तिथनं विमान. तिकडं उतरल्यावर कस्टमचा माणूस ती यादी वाचतो. यादी आणि आतला माल जुळला, तर खोका घरी जातो. नाही जुळला, तर ज्याच्या नावाचा खोका त्याला बोलावणं येतं. इथनं पाठवणारी माय घरी निवांत भाकरी थापत असते आणि तिकडं लेकरू साहेबापुढं उभं असतं. म्हणून सगळी कसरत त्या यादीत. आता कुरडईला इंग्रजीत काय लिहाल? "गव्हाच्या सत्त्वाचा वाळवलेला पदार्थ" असं मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. गावाचं नाव बदललं तेव्हा बरेच दिवस पाठवणाऱ्याच्या रकान्यात मी दोन्ही नावं लिहायचे, उस्मानाबाद आणि धाराशिव. पिनकोड तोच राहिला, पार्सलं पोचत राहिली.

माझा एक नियम होता. घरून बांधून आणलेलं मी घेत नसे. सगळं माझ्यापुढं सोडायचं, डबा उघडायचा, पुरचुंडी मोकळी करायची. यावरून माझी भांडणं झाली नाहीत असा आठवडा गेला नाही. तोंडानं मी फटकळच. पण लोकरी मोज्यातून तुपाची बाटली निघाली, उशीतून हरभऱ्याचं बियाणं निघालं, तर माणूस गोड बोलेल कसा? भूमकडचे एक आजोबा नातवासाठी चार किलो खवा घेऊन आले होते. युरोपात दूधदुभतं जात नाही, हे त्यांना मी तीनदा सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "माझ्या म्हशीनं कुणाचं काय वाईट केलंय व्हय?" खवा तिथंच बसून आम्ही दुकानातल्यांनी थोडा खाल्ला, उरलेला ते परत घेऊन गेले.

परंड्याचे एक निवृत्त शिक्षक आठवतात. बौद्ध कुटुंब, धाकटा मुलगा आयर्लंडला, तिथंच लग्न ठरलेलं. पांढरी वस्त्रं, उदबत्त्या, पंचशीलाचा झेंडा, सगळं त्यांनी इस्त्री करून आणलं होतं. सोबत विहाराच्या अंगणातल्या पिंपळाचं एक ताजं पान. मी म्हटलं, सर, पान जाणार नाही, हिरवं काही चालत नाही. ते वाद घालणाऱ्यातले नव्हते. कोपऱ्यात बसले, माझ्याकडून कागद मागून घेतला, पान त्यावर ठेवलं आणि पेन्सिल फिरवून कड काढली. मग शिरा काढल्या, एकेक, बारीक. पाऊण तास लागला. दुकानात पाच गिऱ्हाइकं खोळंबली होती, तीही वाकून बघत राहिली. दोन वर्षांनी सर फोटो दाखवायला आले. आयर्लंडच्या घरात भिंतीवर त्या पानाची चौकट, आणि खाली त्यांची नात तेच पान गिरवत बसलेली. मी कितीतरी वेळ तो फोटो हातातनं सोडला नाही. मी 'नाही' म्हटलेली वस्तू माणसानं कागदावर पोचवली होती.

खोक्यात काय जातं त्यावरून माणूस तिकडं किती रुजलाय ते मला कळतं. पहिल्या वर्षी सगळं मागतात, शेंगदाण्याच्या चटणीपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत. तिसऱ्या वर्षी नुसतं काळं तिखट. पाचव्या-सहाव्या वर्षी आई विचारत येते, अंकलिपी पाठवायचीय, वजन किती भरंल? तेव्हा समजावं, तिकडं लेकरू बोलायला लागलंय आणि घरात दोन भाषांची ओढाताण सुरू झालीय.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही आयुष्यात एक गाठ मी न सोडता खोक्यात घातली. ती गयाबाईंची.

गयाबाई तामलवाडीच्या. तीन एकर रान, नवरा गेलेला, एकुलती एक लेक वैशाली. वैशालीनं सोलापूरला नर्सिंग केलं, पुण्यात जर्मन शिकली आणि जर्मनीच्या एका दवाखान्यात लागली. जाताना माझ्या दुकानात येऊन वजनकाट्यावर स्वतःची बॅग तोलून गेली होती. किडकिडीत पोर, पण नजर ठाम. पहिल्या दोन हिवाळ्यांत तिचे हाल झाले. दुपारी चारला अंधार, कुणी कुणाच्या दारात जात नाही, आणि दिवसभर परक्या भाषेत बोलून जबडा दुखतो, असं ती आईला सांगायची. गयाबाई माझ्याकडं येऊन सांगायच्या. एकदा तर ती बॅग भरून बसली होती, पण परत आली नाही. चौथ्या वर्षी तिनं गावाबाहेर बागेचा एक तुकडा भाड्यानं घेतला. तिकडं तशी पद्धत आहे म्हणे. शहरातली माणसं लहान-लहान वाफे घेतात, बटाटे, भाज्या लावतात, आणि त्याचेही नियम असतात, कुंपण किती उंच, गवत कधी कापायचं. वैशालीनं मेथी लावली, उगवली. गयाबाईंनी तो फोटो दुकानातल्या प्रत्येकाला दाखवला. माझ्या वाट्याला तीनदा आला.

आणि त्याच दिवाळीत वैशाली आईला म्हणाली, यंदा माझ्या वाफ्यात येळवस करणार आहे.

बाहेरच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं वेळ अमावास्या असते, बोलताना येळवस. धाराशिव, लातूर आणि थोडा सोलापूरकडचा भाग सोडला तर कुणाला ठाऊक नसते. त्या दिवशी गावं मोकळी पडतात, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. झाडून सगळे रानात. ज्वारीच्या ताटांची कोप करतात, झोपडीसारखी. तिच्यात पाच दगड चुना लावून मांडायचे, ते पांडव. त्यांना भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असा निवद. भज्जी म्हणजे कांद्याची भजी नव्हे. सगळ्या शेंगा-भाज्या बेसनात शिजवलेली दाट भाजी. आंबील ताकातली, ज्वारीच्या पिठाची, मडक्यात आंबवलेली. ती रानाच्या चारी कडांनी शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पलगे' म्हणत फिरायचं. त्याचा अर्थ मला विचारू नका, कानडीतनं आलंय म्हणतात. आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही. पाहुण्यानं दुसऱ्याच्या रानात शिरलं की चपला बाहेर काढायच्या, आधी त्यांच्या पांडवांना हात जोडायचे, मगच पंगतीला बसायचं.

गयाबाई दिवाळी झाल्या झाल्या पार्सल घेऊन आल्या. ज्वारीचं पीठ, काळं तिखट, तीळ, बाजरीचं पीठ, सगळं मी मोकळं करून पाहिलं, लिहिलं. शेवटी त्यांनी पिशवीतनं खणाची गाठोडी काढली. वर हळदकुंकू. म्हणाल्या, "ओटी हाय लेकीची. शेजारणीकडनं भरून घेतली, ताई. मला भरता येत न्हाय ना."

आईला लेकीची ओटी भरायला कपाळावर कुंकू लागतं हा कुठला कायदा, असं माझ्या ओठावर आलं होतं. आमचे हे जाऊन तेव्हा मलाही तीन वर्षं झाली होती. गाठोडी काट्यावर ठेवली तर दोन किलोच्या वर गेली. मी भुवया वर केल्या. त्या म्हणाल्या, तांदूळ जरा जास्ती घातलेत. भरलेली ओटी लेकीनंच सोडायची असते, मधल्या कुणी तिच्या गाठीला हात लावत नाहीत. एवढी वर्षं सगळ्यांच्या गाठी सोडल्या, त्या दिवशी माझा हात गेला नाही. मी यादीत लिहिलं, धार्मिक साहित्य: तांदूळ, सुकं खोबरं, सुपारी, कापड. खाली सही केली.

तीन आठवड्यांनी भरदुपारी दुकानात फोन आला. वैशाली होती.

"काकू, ओटी तुम्ही उघडून बघितली नव्हती का?"

तिला तिथल्या कस्टमच्या कचेरीत बोलावलं होतं. तिकडं खोका तुमच्यासमोरच उघडतात. पन्नाशीची एक बाई अधिकारी, हातात मोजे. तिनं गाठ सोडली. आत मूठभर तांदूळ, आणि पाच दगड, मातीनं माखलेले. शिवाय कागदाच्या पुडीत पांढरी पूड. तो चुना होता, दगडांना लावायला. पण परदेशातनं आलेली पांढरी पूड, वर यादीत नाव नाही, म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पुडी तपासायला गेली आणि वैशाली दीड तास बाकावर बसून राहिली. कायम राहायच्या परवान्याचा अर्ज तिनं त्याच महिन्यात दिलेला. खोटी यादी देऊन माल मागवला अशी नोंद झाली तर चार वर्षांचं सगळं पाण्यात. आणि ती यादी माझ्या हातची, माझ्या सहीची होती.

मी स्टुलावर बसले. मी म्हटलं, तुझ्या साहेबीणबाईला सांग, चूक दुकानदाराची आहे, मी लिहून पाठवते. तसं मी पाठवलंही, पुतणीकडून इंग्रजी नीट करून घेऊन. ओटी म्हणजे काय, ती का उघडत नाहीत, मी का उघडली नाही, दीड पान. इतका खरा कागद मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही.

मग वैशालीनं पुढचं सांगितलं. अधिकारीणबाईनं तिला विचारलं होतं, हे दगड कशाचे? वैशाली म्हणाली, "काकू, आधी मी म्हटलं दगड. मग म्हटलं देव. दोन्ही पटेना. शेवटी सांगितलं, हे आमचे पाहुणे आहेत, वर्षातनं एकदा आमच्या रानात जेवायला येतात." त्या बाईनं मोजे काढून ठेवले आणि दगड कसे मांडतात ते तिला टेबलावर मांडून दाखवायला सांगितलं. वैशालीनं मांडले. सरकारी कचेरीत, दिव्याखाली, तामलवाडीचे पांडव.

मग बाई म्हणाली, माती आत येऊ देता येत नाही, तो नियम मला मोडता येत नाही. पण तिकडं नळ आहे. दगड स्वच्छ धुवून घे आणि घरी ने.

वैशालीनं नाही म्हटलं. दगड तेवढे परत पाठवा म्हणाली.

का गं, असं मी विचारलं. तिनं सांगितलं ते असं. ती सात-आठ वर्षांची असताना येळवशीला शेजारच्या रानातनं एक गुळगुळीत, देखणा दगड उचलून आणला होता, आपल्या पांडवांत ठेवायला. तिच्या वडलांनी तिला तो दगड घेऊन परत पाठवलं, एकटीला, दोन बांध ओलांडून. ते म्हणाले होते, त्यांचे पांडव त्यांचं रान राखतात, आपले आपलं. ज्या रानाचं खायचं त्याच रानातनं दगड उचलायचा. वैशाली म्हणाली, "आईनं बाबांचे पांडव पाठवले काकू. ते तिथनं हलवायचे नसतात. हे आईला मी येळवशीला सांगणार, तुम्ही सांगू नका."

मी शब्द दिला. पुडीत चुनाच निघाला. तोंडी समज देऊन त्यांनी तिला सोडलं, अर्जाला धक्का लागला नाही. ते कळलं त्या रात्री कुठं मला घास गेला, असं पुतणी सांगते. मला आठवत नाही.

येळवस चार दिवसांवर आली असताना खोका परत आला. मी गयाबाईंना बोलावून घेतलं आणि त्यांच्यापुढंच उघडला. नवा खोका होता, वर 'घेणाऱ्यानं नाकारलं' असा इंग्रजी शिक्का, तो मी वाचून सांगितला. आत प्रत्येक दगड वेगळ्या कागदात गुंडाळलेला, वर आणखी पिशवी, माती सांडू नये म्हणून. प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा, एक ते पाच. त्या बाईनं मांडणीचा क्रम लक्षात ठेवला होता. वीस वर्षांत मी लाखभर वस्तू गुंडाळल्या असतील, पण कुणा परक्याच्या देवाची माती सांडू नये म्हणून अशी काळजी घेतलेली मी पाहिली नव्हती. गयाबाईंना मात्र त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की लेकीनं परत पाठवले.

"तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात?" असं मी जरा कडकच विचारलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. दगडावरची माती अंगठ्यानं चाचपत म्हणाल्या, "रान वाट्यानं दिलंय, ताई. माझ्या मागं ह्या पाच जणास्नी चुना कोण लावणार? म्हटलं, जिथं लेक तिथं ह्यांनी जावं. तर तिला नको झाले." मग पदरात पाची दगड घेतले, खोका तिथंच टाकला आणि निघाल्या. दारातनं वळून एवढंच म्हणाल्या, येळवशीला रानात या.

माझी जीभ शिवशिवत होती. पण शब्द दिलेला. त्या चार दिवसांत वैशालीनं आईला रोज फोन केला आणि गयाबाईंनी एकदाही उचलला नाही.

येळवशीला मी पुतणीला घेऊन तामलवाडीला गेले. हवा स्वच्छ, ज्वारी डोक्याएवढी, करडई काटेरी. गयाबाईंनी कोप एकटीनं बांधली होती. आत पाची पांडव आपल्या जागी, ताजा चुना लावलेले. मी चपला काढल्या, हात जोडले. जेवणं झाली. भज्जी अशी की मी तीनदा मागून घेतली. गयाबाई सगळ्यांना वाढत होत्या, वाटेनं जाणाऱ्या दोन मोटारसायकलवाल्यांना ओढून आणून बसवलं, पण स्वतः घास घेतला नव्हता. नंतर जेवते म्हणाल्या. विचारलं तर ताटावर फडकं टाकून ठेवलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा माझा फोन वाजला. वैशाली होती, चेहऱ्यासकट. तिकडं दुपारचे बारा होत आले होते. म्हणाली, काकू, आई उचलत नाही. तुमचा फोन तिच्यापुढं धरा, एवढंच करा.

मी धरला. गयाबाईंनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "गयाबाई, मी माझा नियम तुमच्यासाठी मोडला. आता माझ्यासाठी एवढं बघा."

त्यांनी पाहिलं. मीही वाकून पाहिलं. फोनमध्ये बर्फ होतं, सगळीकडं पांढरं. मधोमध एक कोप. ज्वारीची ताटं तिथं कुठली, तर सूर्यफुलांचे आणि मक्याचे वाळके देठ उभे केलेले. नंतर कळलं, बागेच्या मंडळाकडं एका दिवसाच्या कोपीसाठी तिनं लेखी अर्ज केला होता, चित्र काढून, मापं टाकून, आणि बैठक घेऊन त्यांनी तो मंजूर केला होता. कोपीपाशी लोकरी टोप्या घातलेलं एक म्हातारं जोडपं उभं, शेजारच्या वाफ्यातलं. म्हाताऱ्याच्या हातात आंबिलीचं पातेलं. वैशालीनं अंगावर जाड कोट घातलेला आणि त्यावर आईची हिरवी साडी गुंडाळलेली. ती फोन घेऊन वाकली आणि कोपीच्या आत दाखवलं.

आत पाच दगड होते. काळपट, ओबडधोबड, आमच्याकडं नसतात तसे. चुना लावलेले.

"हे माझ्या वाफ्यातले आहेत, आई," वैशाली म्हणाली. "बटाटे काढताना निघाले. बाबा म्हणायचे ना, ज्या रानाचं खायचं त्याच रानातनं दगड उचलायचा. मी इथलं खाते आता. पण मांडले तुझ्यासारखेच."

पुतणीनं माझ्या कोपराला धरलं होतं. मला वाटलं, ही बाई आता रडेल, नाहीतर फोन ढकलून देईल. त्या पाच काळ्या दगडांचा अर्थ तिला माझ्याआधी कळला होता. लेक परत येणार नव्हती, आणि लेक कुठं गेलीही नव्हती, दोन्ही एकाच वेळी समोर मांडलेलं होतं.

गयाबाई उठल्या. स्वतःच्या रानात, स्वतःच्या कोपीच्या दारात त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. माझ्या हातातल्या फोनपुढं वाकून त्या पाच दगडांना हात जोडले, पाहुणा जोडतो तसे. मग मांडी घालून बसल्या.

"वाढ गं पोरी," त्या म्हणाल्या. "लई लांबनं आलेय."

वैशालीनं खरंच ताट वाढलं. ताट फोनपुढं ठेवलं, पेल्यात आंबील ओतली. इकडं गयाबाईंनी सकाळपासून झाकून ठेवलेल्या आपल्या ताटावरचं फडकं काढलं, आपल्या मडक्यातली आंबील वाटीत घेतली आणि एक घोट घेऊन थांबल्या.

"बर्फात आंबवलीस व्हय?" त्यांनी लेकीला विचारलं. "चांगली आंबट झालीय."